मागच्या चाकाला हलकी रिम घालण्याआधी

लातूरहून एकांनी प्रश्न पाठवला आहे. वजन ८४ किलो. ॲल्युमिनियमची रोड सायकल, रिम ब्रेक, चाकं कंपनीतून आलेलीच. जुनी रिम उघडून काट्यावर ठेवली तर एक ५४० ग्रॅम भरली. येत्या हिवाळ्यात ३०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करायच्या आहेत. एरवी रविवारी लातूर–रेणापूर–अंबाजोगाई असा फेरा असतो. मित्राने सांगितलं की चाकातले शंभर ग्रॅम म्हणजे सायकलीतले हजार ग्रॅम. म्हणून त्यांनी ३९० ग्रॅमची रिम हेरून ठेवली आहे, पुढे २० तारा (स्पोक) आणि मागे २४. ही रिम घ्यावी का, आणि ती टिकेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी संभाजीनगरला चाकं बांधतो. आधी वाळूजला लेथवर होतो, गेली एकोणीस वर्षं सायकलीच. या काळात हलक्या रिमा मी भरपूर बांधल्या, काही खूप चांगल्या चालल्या, काही फुटून परत आल्या. त्यामुळे उत्तर आधी देतो: पुढच्या चाकाला बऱ्यापैकी हलकी रिम चालेल. मागच्याला ३९० ग्रॅमची घालू नका. आणि २०-२४ तारा तुमच्या वजनाला आणि तुमच्या रस्त्याला दोन्हीकडे कमीच आहेत. आता असं का, ते सविस्तर सांगतो. कारण एकदा समजलं की पुढच्या वेळी दुकानदाराने दुसरीच रिम पुढे केली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. वजन उतरवल्याने किती मिळतं, हा एक. रिममधला जो धातू कमी केला तो कोणतं काम करत होता आणि आता ते काम कोणाच्या गळ्यात पडणार, हा दुसरा. पहिला कागदावर सुटतो, म्हणून तो आधी उरकू.

तुम्ही, सायकल, पाणी, पिशवी, दिवे, पंक्चरचं सामान असं सगळं धरून १०० किलो होतात. दोन रिमा प्रत्येकी ५४० वरून ३९० वर आणल्या तर ३०० ग्रॅम वाचले, म्हणजे शंभर किलोतले ०.३ टक्के. चढावर एका लयीत जाताना चाकातलं वजन आणि बाटलीतलं वजन यात काही फरक नसतो, दोन्ही सारखंच वर न्यावं लागतं. वीस मिनिटांचा घाट असेल तर १२०० सेकंदांतले साडेतीन-चार सेकंद वाचतील. तेवढेच.

मित्र म्हणतो ते वेग वाढवतानाचं असतं, आणि त्यात अर्धं सत्य आहे. रिम पुढेही जाते आणि स्वतःभोवती फिरतेही, आणि तिचा जवळपास सगळा धातू चाकाच्या कडेला असतो. त्यामुळे तिला वेग देताना फ्रेममधल्या तेवढ्याच वजनाच्या दुप्पट ऊर्जा लागते. दुप्पट, दहापट नव्हे. म्हणजे तुमचे ३०० ग्रॅम वेग वाढवताना ६०० ग्रॅमसारखे वागतील, ०.६ टक्के. शिवाय ही ऊर्जा वाया जात नाही. पायडल थांबवलं की तेच जड चाक तुम्हाला पुढे ढकलत राहतं. ती वाया जाते ती ब्रेक लावल्यावर. चौकाचौकात थांबत, सारखे झटके देत चालणाऱ्या शर्यतीत हा फरक जमा होत जातो. ६०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये, जिथे ४० तासांची मुदत आहे आणि तुम्ही तासन् तास एका वेगाने जाणार आहात, तिथे तो जवळपास सापडतच नाही.

पण एक गोष्ट मी कधीच नाकारत नाही. हलकं चाक हाताला आणि पायाला जाणवतं. सीटवरून उठून सायकल डावी-उजवी झुलवत चढताना, हँडल वळवताना, थांबून निघताना ते लगेच कळतं, आणि त्यात आनंद आहे. त्या आनंदासाठी पैसे खर्च करण्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त त्याची किंमत कुठे मोजली जाते ते माहीत असावं.

ती मोजली जाते तारांमध्ये. त्यासाठी चाक उभं कसं राहतं हे बघावं लागेल. बैलगाडीचं चाक आठवा. लाकडी आरे जाड असतात, आणि गाडीचं ओझं खालच्या आऱ्यावर टेकतं. आरा खांबासारखा ते पेलतो. सायकलची तार दोन मिलिमीटरची, तिच्यावर टेकायला गेलं तर ती वाकेल. म्हणून आपण सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतो. तुम्ही बसलात की खालच्या तारांचा ताण कमी होतो. वरच्या तारांना जवळपास काही कळतही नाही. ओझं उचललं जातं ते खालच्या तारांच्या ताणातून वजा होऊन. चाक जसं फिरतं तशी प्रत्येक तार खाली आली की सैल होते, वर गेली की पुन्हा ताणली जाते. २८ मिलिमीटरच्या टायरचा घेर सुमारे २.१४ मीटर असतो. म्हणजे ६०० किलोमीटरमध्ये एकेका तारेला असे २ लाख ८० हजार हेलकावे बसतात.

आता रिमचं काम बघा. रिम ताठ असेल तर ती खालचं ओझं चार-पाच तारांवर पसरवते. रिम पातळ आणि मऊ असेल तर ती टेकल्या जागी जास्त चपटते आणि तेच ओझं दोन-तीन तारांवर येतं. त्या तारा जास्त सैल होतात. ज्या तारेचा ताण शून्यापर्यंत जातो तिचं निपल, म्हणजे तार रिमला धरून ठेवणारं छोटं नट, हळूहळू फिरायला लागतं, आणि चाकाला आऊट येतो, म्हणजे ते सरळ फिरत नाही. तीच तार सैल-ताठ, सैल-ताठ होत चाकाच्या मध्यावरच्या हबपाशी जिथे वाकते तिथे थकते, आणि एक दिवस तुटते. लोक म्हणतात तार कच्ची होती. बहुतेक वेळा तार चांगली असते, तिचा ताण कमी असतो किंवा रिम तिला साथ देत नसते.

मागच्या चाकात हा त्रास आणखी वाढतो. कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, जागा द्यायची म्हणून हबची उजवी चकती आत सरकलेली असते. उजव्या तारा जवळपास उभ्या, डाव्या तिरक्या. रिम मधोमध राहायची तर उजवीकडे जास्त आणि डावीकडे कमी ताण ठेवावा लागतो. डावा ताण उजव्याच्या साधारण निम्मा येतो. भक्कम रिमवर मी चेनच्या बाजूला १२० किलोपर्यंत ताण देतो, तेव्हा डावीकडे ६० च्या आसपास मिळतात. हलक्या रिमला कंपन्या बहुधा कमी मर्यादा सांगतात, कारण निपलखालचा पत्रा पातळ असतो. तिथे १०० दिले तर डावीकडे ५०. त्यात टायर चढवून हवा भरली की रिम आवळली जाते आणि सगळाच ताण आणखी थोडा उतरतो. वर मागच्या चाकावर तुमचं निम्म्याहून जास्त वजन. रस्त्यात खड्डा आला की डाव्या खालच्या तारा मोकळ्याच झाल्या म्हणून समजा.

आणि २४ तारा. ३२ तारांच्या रिममध्ये दोन निपलमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास असतं, २४ तारांत जवळपास आठ. पातळ रिमला आधाराशिवाय आणखी लांब पूल ओलांडायला लावायचा, असा हा प्रकार. कमी तारांची तयार चाकं बाजारात टिकतात, नाही असं नाही. पण त्यांच्या रिमा बघा: उंच, जाड, ५०० ग्रॅमच्या आसपास किंवा वर. तारा कमी केल्या तर रिम ताठ हवी. रिम हलकी केली तर तारा जास्त हव्या. दोन्हीकडून एकदम काढून चालत नाही. तुमच्या यादीत नेमकं तेच झालंय. आठ तारा कमी करून वाचतात पन्नासेक ग्रॅम.

हे मी फुटलेल्या चाकातून शिकलो. काही वर्षांपूर्वी एकाला मागचं चाक बांधून दिलं, रिम ४०० ग्रॅमच्या जवळपास, २४ तारा, स्वार ८८ किलोचा. त्याने आग्रह धरला आणि मी बांधलं. चार-एक हजार किलोमीटरनंतर तो म्हणाला, चढावर मागून टिकटिक आवाज येतो. बीडजवळ मांजरसुंब्याच्या घाटात येतो, सपाटीला नाही. आम्ही हब उघडला, पायडल बघितले, काही नाही. शेवटी चाक काढून रिम ओल्या फडक्याने पुसली आणि उजव्या बाजूच्या एका निपलच्या भोकापाशी केसासारखी काळी रेघ दिसली. नखाने चाचपली तर कड लागत होती. मग बाकीची भोकं पुसली. बारा उजव्या तारांपैकी पाच भोकांपाशी तशाच रेघा, रिमच्या लांबीच्या दिशेने दोन्हीकडे निघालेल्या, आणि एका निपलभोवतीचा पत्रा पुळी यावी तसा वर उचललेला. तार एकही तुटली नव्हती. पत्राच थकला होता. आणखी दोनशे किलोमीटरमध्ये ते निपल रिमसकट उपटून आलं असतं, आणि ते उतारावर झालं असतं तर काय, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. त्या दिवसापासून ८० किलोच्या वरच्या माणसाला मागे ४५० च्या खालची रिम मी बांधून देत नाही, मग तो कितीही मागे लागो.

तुम्हीही तुमच्या सध्याच्या चाकाची अशी तपासणी महिन्यातून एकदा करा. ओलं फडकं, चांगला उजेड, आणि चेनच्या बाजूची सगळी भोकं. पाच मिनिटांचं काम.

रिम हलकी करताना धातू निपलखालून जातो, तसाच ब्रेकच्या भिंतीतूनही जातो. तुमचे रिम ब्रेक आहेत, म्हणजे रिम हीच तुमची ब्रेकची चकती. प्रत्येक वेळी ती घासली जाणारच. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला मुरूम टाकलेला असतो, पावसाळ्यात तो चिखलात कालवून ब्रेकच्या रबरात बसतो आणि कानसीसारखा रिम खातो. नवीन रिमची भिंत साधारण दीड मिलिमीटर असते. एक मिलिमीटरच्या खाली गेली की मी ती रिम बाद करतो. हलक्या रिममध्ये सुरुवातीलाच कमी असेल तर आयुष्य तेवढं घटलं. पोलादी पट्टीची कड भिंतीवर आडवी धरा आणि उजेडाकडे बघा. मधून वाटीसारखी फट दिसली तर झीज झाली आहे. आणि ब्रेक रबरात ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण अडकलेले असतात, ते दाभणाच्या टोकाने काढून टाका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रिमा या कणांनीच वेळेआधी संपतात.

उतारावर ब्रेक धरून ठेवला तर रिम तापते, आणि धातू कमी असेल तर लवकर तापते. आपल्याकडे धारूर किंवा मांजरसुंब्याचे उतार फार लांब नाहीत, पण कन्नडचा औट्रम घाट सामान घेऊन उतरणार असाल तर फरक कळतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका, थोडा जोरात लावा, सोडा, पुन्हा लावा. याच कारणासाठी रिम ब्रेकच्या सायकलीला मी स्वस्तातली कार्बन रिम सुचवत नाही. ती हलकी आणि दिसायला देखणी असते, पण उष्णतेने तिच्यातला राळेचा भाग मऊ पडू शकतो आणि पावसात ब्रेक उशिरा धरतो. डिस्क ब्रेक असते तर कार्बनबद्दल मी वेगळं बोललो असतो.

आता आपल्या रस्त्याबद्दल, कारण रिमची निवड शेवटी तिथेच ठरते. बीआरएमचा हंगाम हिवाळ्यात आणि उसाचा गाळप हंगामही हिवाळ्यातच. लातूर, धाराशिव, बीडकडच्या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. ट्रॉलीतून पडलेलं टिपरू दिव्याच्या उजेडात काठीसारखं दिसतं, आणि अंगठ्याएवढं जाड, कडक टिपरू तीसच्या वेगात चाकाखाली आलं तर रिमच्या ओठाला खळगा पडतो. एका ३०० च्या बीआरएममध्ये माझ्या पुढे चाललेल्या एकाचं असंच झालं. अंबाजोगाईच्या अलीकडे, पहाटे चारचा सुमार, आजूबाजूला शेत आणि कुत्री. टायर फुटला नाही, पण एक तार तुटली आणि ओठ चेपला. त्याच्या चाकाला ३२ तारा होत्या. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल केल्या, ब्रेक थोडा उघडला, आणि तो उरलेले सत्तर किलोमीटर चालवून मुदतीत पोचला. २० तारांच्या चाकातली एक तार तुटली असती तर रिम ब्रेकला, कदाचित फ्रेमलाही घासली असती, आणि त्याला तिथेच बसावं लागलं असतं. पहाटे चारला तिथे कुठलं दुकान उघडं असणार? रात्रीच्या लांब प्रवासाचं चाक निवडताना मी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.

इथे मोकळेपणाने सांगायला हवं की हे उत्तर तुमच्यासाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. ५८ किलोची मुलगी असेल, रविवारच्या सकाळी चांगल्या डांबरी रस्त्यावर शर्यतीचा सराव करत असेल, मागे गाडी असेल आणि चाक बघणारा माणूस गावात असेल, तर मी तिला ४०० ग्रॅमची रिम आनंदाने बांधून देईन, पुढे २४ आणि मागे २८ तारांची. तुमचं वजन ७० असतं तरी मागे ४४०-४५० वर यायला मी तयार झालो असतो. चालवण्याची रीतसुद्धा बघावी लागते. काही माणसं ९० किलोची असूनही खड्ड्यावर सीटवरून उठतात, हातपाय सैल सोडतात, त्यांची चाकं वर्षानुवर्षं सरळ राहतात. काही ६५ किलोचे पोत्यासारखे बसून राहतात आणि दर तीन महिन्यांनी आऊट काढायला येतात. तुम्ही कसे चालवता ते मला माहीत नाही, म्हणून मी सावध बाजूने सांगतोय.

मग तुमच्यासाठी मी काय बांधेन?

पुढे ४४० ग्रॅमच्या आसपासची रिम, २८ तारा. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी सारखं असतं, ताण समान बसतो, वजनही कमी येतं. हलकेपणा जाणवतो तो हँडलमध्ये, म्हणजे तुम्हाला हवा असलेला आनंद इथेच मिळेल. मागे ४९० च्या आसपास, ३२ तारा, आणि शक्य असेल तर अशी रिम ज्यात भोकं मधोमध नसून डावीकडे सरकवलेली असतात. बाजारात तिला ऑफसेट किंवा असिमेट्रिक म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असतो, पण डाव्या तारा थोड्या उभ्या होतात आणि त्यांचा ताण उजव्याच्या निम्म्यावरून ६०-६५ टक्क्यांवर येतो. मागच्या चाकासाठी मला विचाराल तर वजन कमी करण्यापेक्षा ही एक गोष्ट जास्त मोलाची आहे.

तारा बटेड घ्या, म्हणजे टोकांना २ मिलिमीटर आणि मधे १.८. मधे बारीक केलेली तार कमजोर असेल असं वाटतं, पण उलट घडतं. तीच ताकद लावली तर बारीक तार जास्त लांबते, म्हणून रिम खाली चपटली तरी तिच्यात थोडा ताण शिल्लक राहतो, आणि हबपाशी तिचं वाकण कमी थकतं. डाव्या बाजूला तर मी मधे १.५ ची तार घालतो, याच कारणासाठी. निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल घालून साठ निपलमागे चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण दोन पावसाळ्यांनंतर ते गंजून जाम होतात आणि चावी फिरवली की त्यांचे कोपरे गोल होतात. चाळीस ग्रॅमसाठी चाक दुरुस्तीच्या पलीकडे नेऊ नका.

रिमची आतली रुंदी १७ ते १९ मिलिमीटर बघा आणि २८ चा टायर बसवा, तुमच्या ब्रेकमधून आणि फ्रेममधून तो मोकळा जात असेल तर; आधी मोजून घ्या. जुन्या नमुन्याच्या बऱ्याच हलक्या रिमा केवळ अरुंद असल्यामुळे हलक्या असतात, आत १५ किंवा त्याहूनही कमी. त्यावर रुंद टायर फुग्यासारखा वर बसतो आणि वळणावर डुलतो. हवा मी तुमच्या वजनाला मागे ८०, पुढे ७० पीएसआयपासून सुरू केली असती. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांत भरलेली हवा दुपारी ३२ अंशांत सहा-सात पीएसआयने वाढते, तेही धरून चाला.

आता वजनाचा हिशेब पुन्हा मांडू, कारण इथे मला तुम्हाला खरंच पटवायचं आहे. पुढच्या रिममध्ये १०० ग्रॅम वाचले, मागच्यात ५०. साध्या तारांऐवजी बटेड घातल्यावर साठेक. तुमच्या सायकलीवर कंपनीचे वायरवाले टायर असतील तर २८ चा तसा एक टायर ४०० च्या आसपास भरतो. घडी होणारा चांगला टायर २७० चा मिळतो. दोन्ही मिळून २६०. साधी ट्यूब ११० ची, हलक्या रबराची ७५ ची, दोन मिळून ७०. बेरीज ५४० ग्रॅम. तुमच्या ३९० च्या रिमांनी ३०० वाचणार होते. आणि टायर-ट्यूबचं वजन तर रिमहूनही बाहेर, चाकाच्या अगदी कडेला असतं. शिवाय चांगला टायर रस्त्यावर कमी ओढतो, तो फायदा सपाटीवर प्रत्येक फेऱ्याला मिळतो.

तुम्ही म्हणाल, मग टायरही बदलू आणि रिमही ३९० ची घालू. तसं केलंत तर माझ्या चाकांपेक्षा १५० ग्रॅम आणखी वाचतील. बाटलीतलं दीडशे मिली पाणी. रेणापूर यायच्या आत तुम्ही ते पिऊन टाकलेलं असेल.

हलक्या टायरची एक अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे, विशेषतः पावसाळ्यानंतर, अगदी शेतरस्त्याच्या तोंडापर्यंत पसरलेले असतात. टायर निवडताना नुसतं वजन बघू नका, मधोमध पंक्चरविरोधी पट्टी असलेला घ्या, भले वीस-तीस ग्रॅम जास्त असोत. टीपीयूच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकसारख्या ट्यूबा चाळीस ग्रॅमच्या आत मिळतात आणि मोह होतो, पण त्यातल्या काही रिम ब्रेकच्या उष्णतेला चालत नाहीत. डब्यावर लिहिलेलं असतं. त्यांना साधं सोल्युशन आणि रबरी पॅच चालत नाही, वेगळे पॅच लागतात. एखादी सुटी म्हणून पिशवीत ठेवायला मात्र उत्तम.

वाऱ्याबद्दल थोडं. तीसच्या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्यात सगळ्यात मोठा अडथळा तुमचं शरीर असतं. थोडी उंच रिम हवेत बरी जाते, पण आपला माळ उघडा आहे, आडवा वारा आला की उंच पुढची रिम हँडल ओढते. पुढे २५-३० मिलिमीटर उंचीवर थांबा.

राहिली बांधणी. हलकी रिम वाईट बांधणी माफ करत नाही. जड रिममध्ये एखादी तार दहा-पंधरा किलोने कमी-जास्त राहिली तरी रिमच्या ताठपणामुळे चाक सरळ दिसतं. हलक्या रिममध्ये तेवढ्यानेच ती वेडीवाकडी होते, आणि उलटही होतं: सरळ दिसणाऱ्या चाकात ताण असमान राहून जातो. शहागंजात ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते म्हणायचे, "तार पहले कान से बांध, आँख से बाद में." ते तार बोटाने छेडून तिचा सूर ऐकायचे. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास एक आला की मगच रिमकडे बघायचे. आज माझ्याकडे टेन्शन मीटर आहे, तरी छेडून बघितल्याशिवाय चाक मी हातावेगळं करत नाही.

म्हणून कोणाकडूनही बांधून घ्या, या गोष्टी विचारा. तारांची लांबी काढायला लागणारा रिमचा व्यास त्यांनी स्वतः मोजला की डब्यावरचा आकडा धरला? दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तर तार निपलमध्ये अपुरी बसते, आणि निपल मानेपाशी तुटतं. रिम काट्यावर ठेवून बघितली का? डब्यावरच्या आणि काट्यावरच्या वजनात १५-२० ग्रॅमचा फरक मला नेहमी दिसतो. ताण मोजून लिहून देणार का? आणि बांधून झाल्यावर समांतर तारांच्या जोड्या हाताने घट्ट दाबून घेतल्या का? त्या दाबताना तारा हबमध्ये नीट बसतात, करकर आवाज येतो, चाक थोडं हलतं आणि पुन्हा आऊट काढावा लागतो. हे तीन-चार वेळा केलं की नंतर रस्त्यावर ते चाक सैल पडत नाही. घाईत बांधलेल्या चाकात हीच पायरी गाळलेली असते.

तुमचं मूळ हब चांगलं असेल आणि ३२ भोकांचं असेल तर मागे तेच ठेवा, नवीन हबचे पैसे टायरमध्ये घाला. पुढेही ३२ चंच हब असेल तर २८ चा हट्ट नको, ३२ ची रिम घ्या; चार तारांचं वजन पंचवीस ग्रॅमसुद्धा नाही.

चाक तयार झाल्यावर पहिले २००-३०० किलोमीटर नेहमीच्या रस्त्यावर चालवा, बीआरएमला थेट नेऊ नका. मग सायकल उलटी करून मागच्या चाकाच्या डाव्या तारा एकेक करून छेडा. सगळ्यांचा सूर सारखा असेल तर ठीक. एखादी बद्द वाजली तर तिच्या निपलवर खूण करा, स्वतः चावी फिरवू नका, आणि ज्याने बांधलं त्याच्याकडे चाक घेऊन जा. ६०० ला निघण्याच्या किमान आठ दिवस आधी, म्हणजे पुन्हा ताण देऊन शंभरेक किलोमीटर चालवून बघायला वेळ राहील.